पंचाहत्तर वर्षं

आमच्या घरात जग तीनदा संपलं.

पहिल्यांदा मी नऊ वर्षांची होते.
पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले.
डॉक्टर म्हणाला, तार लावू, अडीच वर्षांत सरळ होतील.
आईनं बाबांकडे पाहिलं,
बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
अडीच वर्षं होतीच कुठे?
सप्टेंबरच्या एकवीस तारखेला लाल गोल होता.

मिसेस डिट्रिचनी आपला कुत्रा
शेजारच्या देव न मानणाऱ्या माणसाकडे नेऊन दिला,
खाण्याच्या दोन पोत्यांसकट.
तो मागे राहणार, यावर दोघांचंही एकमत होतं.
आम्ही इस्त्रीचे कपडे घालून सोफ्यावर बसलो.
धाकटा जोएल बूट घालूनच झोपला.
मध्यरात्र झाली. फ्रीज घुरघुरला.
बाबा म्हणाले, हवाईत अजून सातच वाजलेत.
पहाटे पाचला हवाईतही बारा वाजले.

मग पास्टर मर्ल म्हणाले, लीप वर्षं धरायची राहिली.
मग म्हणाले, शून्य नावाचं वर्षच नव्हतं.
कोर्टात पडावी तशी पुढची तारीख पडायची,
आणि रविवारी कुणीतरी बटाट्याचं सॅलड आणायचं.
मिसेस डिट्रिचचा कुत्रा मात्र परत आला नाही.
त्याला शेजार मानवला होता.

तिसऱ्या खेपेला मी सतरा वर्षांची.
बाबा म्हणाले, कॉलेजचा अर्ज भरायचा तर भर,
उत्तर यायच्या आत प्रभू येईल.
लोकांच्या दारातला बर्फ उपसून जमवलेल्या पैशांतून
मी फी भरली.
उत्तर आधी आलं.

लिंकनला, सिव्हिलच्या पहिल्या तासाला
प्राध्यापक ओयेलारान फळ्यावर लिहून म्हणाले,
पुलाचं आयुष्य पंचाहत्तर वर्षं धरा.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
माझा हात थांबला.
पंचाहत्तर!
इतका लांबचा आकडा
आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

हॉस्टेलात हसत विचारायचे, खरंच सोफ्यावर बसलात?
मीही हसायचे.
एक मात्र कुणाला सांगितलं नाही:
त्या वर्षांत बाबा रोज रात्री
शेवटचं जवळ घ्यावं तसं जवळ घ्यायचे.
नंतर तसं कुणी घेतलं नाही.
बाबांनीही.

मी अजून गुडघे टेकते.
फक्त, लवकर ये, असं म्हणताना
हल्ली जीभ अडखळते.
सावकाश ये, म्हणावं का?
तेवढं धाडस होत नाही. मग नुसतंच, आमेन.

काल पदवीदान झालं.
बँडमधल्या पोरानं तुतारी जरा लवकरच फुंकली,
एकटीच, वेड्यासारखी,
आणि आईनं झटकन वर छताकडे पाहिलं.
मीही.
मग आमची नजरानजर झाली
आणि आम्ही दोघी हातरुमालात तोंड खुपसून
बाकं हलेपर्यंत हसलो.
माझं नाव पुकारलं, केझाया लिंडक्विस्ट,
तेव्हा तिचे डोळे ओलेच होते,
कशानं ते मी विचारलं नाही.

परतताना बाबांनी गाडी प्लॅट नदीपाशी थांबवली.
नदी अफाट रुंद, पाणी घोट्याएवढं.
क्रौंच पक्षी गेले होते, वाळूत पावलं उरली होती.
बाबा पुलाच्या कठड्यावर हात फिरवत म्हणाले,
हा किती वर्षं टिकेल?
पंचाहत्तर, मी म्हणाले. मग तपासायचा.
तपासून?
डागडुजी. आणखी काही वर्षं.
बाबा गप्प. एक ट्रक गेला, पूल थोडा थरथरला.
थरथरायलाच हवा, मी म्हणाले, नाहीतर तुटतो.

घरी कॅलेंडर अजून त्याच खिळ्यावर आहे.
मी पेन शोधलं. लाल होतं, ते ठेवून दिलं.
निळ्यानं लिहिलं, सोमवार, साडेदहा, दाताचा डॉक्टर.
जोएल म्हणाला, आता? बाविसाव्या वर्षी?
अडीच वर्षं लागतील, आई स्वयंपाकघरातून म्हणाली,
जणू अडीच वर्षं
डब्यात काढून ठेवलेली होती.